चाळीस माणसांची जत्रा

कार्तिक उजाडला की सिंधुदुर्गात गावोगावी ग्रामदेवतेच्या जत्रा सुरू होतात. देवळाच्या वाटेवर खाज्याची दुकानं लागतात, माहेरवाशिणी ओटी भरायला येतात, रात्री पालखीची प्रदक्षिणा होते आणि मध्यरात्र उलटली की पायपेटीचा सूर निघतो, मृदंगावर थाप पडते. दशावताराचा खेळ सुरू होतो. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग होतो. त्यात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, संकासुर येतो. मग रात्रीचं आख्यान उभं राहतं. रंगमंचावर सामान म्हणून मुख्यतः एक बाकडं. तेच सिंहासन होतं, तेच पर्वत आणि तेच अंतःपुर. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली असते, बाकी सगळं नट जागच्या जागी उभं करतो.

गेल्या काही वर्षांत या मांडणीत ट्रायपॉडवर चढवलेल्या मोबाईलची भर पडली आहे. त्याच्याशेजारी गावातलाच एखादा तरुण कानाला हेडफोन लावून बसलेला असतो. त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा तीस, अडतीस, चव्वेचाळीस असा हलत राहतो. त्या क्षणी लालबागच्या चाळीत, डोंबिवली-विरारच्या फ्लॅटमध्ये, आखातातल्या कामगारवस्तीत किंवा बंदरात थांबलेल्या जहाजावर इतकी माणसं ही जत्रा बघत असतात.

हा लेख त्या चाळीस माणसांविषयी आणि त्यांच्यासाठी रात्र जागवणाऱ्या मुलांविषयी आहे. दशावतार, डबलबारी भजनं, हरिनाम सप्ताह आणि पालखी सोहळे थेट दाखवणारे छोटे यूट्यूब चॅनल आज दक्षिण कोकणात अनेक आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा प्रेक्षक शेकड्यांतच राहील. तरीही मला हे काम मोलाचं वाटतं. लाईव्ह चॅनलची किंमत आकड्यावरून ठरवणं चूक आहे. तो कोणासाठी चालतो, किती नेमाने चालतो आणि ज्यांची कला दाखवतो त्यांच्याशी किती सरळ वागतो, यावर ती ठरते.

इथपर्यंत कसं आलं

थेट प्रक्षेपण ही एकेकाळी फक्त दूरचित्रवाणीची मक्तेदारी होती. त्यासाठी ओबी व्हॅन लागे, उपग्रह लागे. सामान्य माणसाच्या हाती ती ताकद हळूहळू आली. अमेरिकेत 2007 साली जस्टिन कान या तरुणाने टोपीला कॅमेरा लावून स्वतःचा दिवस चोवीस तास इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. त्या जस्टिन.टीव्हीमधूनच 2011 मध्ये व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचं ‘ट्विच’ निघालं आणि 2014 मध्ये ॲमेझॉनने ते 97 कोटी डॉलरला विकत घेतलं. भारतात 2010 चे आयपीएल सामने यूट्यूबवर थेट दिसले. खेड्यांत मात्र खरा फरक 5 सप्टेंबर 2016 पासून पडला. त्या दिवशी जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि गावातल्या पोराच्या हातातला फोन प्रक्षेपणाचं साधन बनला.

मग कोरोना आला. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा म्हणजे लाखोंची गर्दी. 2021 मध्ये ती आंगणे कुटुंबीयांपुरती मर्यादित ठेवावी लागली. मुंबईतला चाकरमानी पहिल्यांदाच जत्रेला मुकला. दशावतारी मंडळांचा हंगाम बुडाला, हंगामावर पोट असलेले नट घरी बसले. त्या दोन वर्षांत पालखी, पूजा, भजन जे काही होईल ते मोबाईलवर दाखवायची सवय गावांना लागली. टाळेबंदी उठली तरी सवय टिकली, कारण गरज आधीपासूनच होती. मुंबईच्या गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्यांत कोकणाच्या पिढ्या खपल्या. त्यांच्या म्हाताऱ्यांना आता जत्रेसाठी रात्रभराचा प्रवास झेपत नाही, आणि नातवंडांना शाळा बुडवता येत नाही.

आधी आवाज

या चॅनलवाल्यांकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे आवाजाला दिलेला मान. नवा माणूस आधी कॅमेऱ्यावर पैसे घालतो. जुना माणूस मंडपातल्या साउंडवाल्याशी मैत्री करतो. चित्र थोडं पुसट असलं तरी बघणारा बसून राहतो. संवाद कळेनासा झाला की तो अर्ध्या मिनिटात उठतो. दशावतारात तर सगळी मजा संवादात आणि पदांत. नारदाने मारलेली कोपरखळी ऐकूच आली नाही, तर बघायचं काय?

मोबाईलचा स्वतःचा माईक जवळचं सगळं आधी पकडतो. जनरेटर, शेजारच्या दुकानातली घासाघीस, मागच्या रांगेतल्या गजाली, सगळं येतं, फक्त नट येत नाही. म्हणून आवाज थेट मिक्सरमधून घ्यायचा. इथे एक तांत्रिक खाच आहे. मिक्सरमधून निघणारा सिग्नल जोरकस असतो आणि फोनचं माईकचं छिद्र अतिशय नाजूक सिग्नलसाठी बनवलेलं असतं. दोन्ही सरळ जोडले की आवाज फाटतो. मधे छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घालावा लागतो किंवा सिग्नल कमी करणारी केबल वापरावी लागते. त्यातही फक्त मिक्सरचा आवाज घेतला तर नाटक कोरडं वाटतं, कारण प्रेक्षकांचं हसणं आणि टाळ्या त्यात नसतात. जाणकार मुलं प्रेक्षकांच्या बाजूला एक वेगळा माईक ठेवतात आणि त्याचा आवाज अगदी हलका मिसळतात. मुंबईत बसलेल्या माणसाला आपण गर्दीत आहोत असं वाटतं ते या एका माईकमुळे.

चित्राचा मुख्य शत्रू म्हणजे फोनचा ‘ऑटो’पणा. समोर झगझगीत दिवे, भोवती काळोख. फोन काळोख बघून सगळं चित्र उजळवतो आणि रंगवलेले चेहरे पांढरेफटक होतात. नटाच्या चेहऱ्यावर बोट दाबून उजेड आणि फोकस दोन्ही ‘लॉक’ केले की हा प्रश्न बराचसा सुटतो. फोन आडवा धरायचा, येणारे कॉल बंद करायचे, चार्जर आणि पॉवर बँक दोन्ही जवळ ठेवायचे. हे सगळे बिनपैशाचे किंवा थोड्या पैशांचे उपाय आहेत. पुढे ज्यांना दोन कॅमेरे जोडायचे असतात किंवा स्क्रीनवर मंडळाचं नाव आणि आख्यानाची पाटी दाखवायची असते, ते लॅपटॉपवर ओबीएस वापरतात. हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त आहे, आणि जगभरातले लाईव्ह करणारे ते वापरतात.

रेंजचं गणित

सिंधुदुर्गात लाईव्ह करायचं म्हणजे डोंगर, झाडी आणि टॉवर यांच्याशी रोज गाठ. आपण फोनची जी गती मिरवतो ती बहुधा डाउनलोडची असते. प्रक्षेपणाला लागतो अपलोड, आणि तो अनेकदा त्याच्या मानाने फारच कमी असतो. त्यात जत्रेच्या रात्री एकाच टॉवरवर हजारो फोन लटकलेले असतात. दुपारी तपासलेली गती रात्री एक वाजता मिळेलच असं नाही, म्हणून चाचणी गर्दीच्या वेळेलाच करावी लागते.

डेटाचा हिशेबही आधीच मांडावा लागतो. 720पी चित्रासाठी साधारण अडीच एमबीपीएस धरले तर तासाला 1.1 जीबी जातात. चार तासांच्या नाटकाला साडेचार जीबी. ज्याच्याकडे रोजच्या 2 जीबीचा प्लॅन आहे, त्याचा कोटा पावणेदोन तासांत संपतो, म्हणजे आख्यान ऐन रंगात आलेलं असतानाच. त्यानंतर गती इतकी पडते की प्रक्षेपण बंदच होतं. तेच चित्र 480पीवर एक एमबीपीएसने पाठवलं तर चार तासांना 1.8 जीबी पुरतात आणि अख्खं नाटक एका दिवसाच्या कोट्यात बसतं. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर बघणाऱ्याला हा फरक क्वचितच जाणवतो. अर्धवट तुटलेल्या स्वच्छ चित्रापेक्षा शेवटपर्यंत चाललेलं साधं चित्र बरं, हे कोकणातल्या चॅनलवाल्याला कोटा संपून कळलेलं आहे.

सर्वांत भरवशाचा उपाय मात्र मोबाईल नेटवर्कच्या बाहेरचा आहे. देवळाजवळच्या एखाद्या घरात फायबरचं कनेक्शन असतं. तिथून लॅनची तार ओढायची. ही तार साधारण 100 मीटरपर्यंत नीट चालते, आणि बहुतेक देवळांच्या आवारात तेवढ्या अंतरावर एखादं घर सापडतंच. ज्या देवस्थानांनी स्वतःच फायबर घेतलं आहे, त्यांच्या जत्रा बघायला सुखद असतात. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये उशीर किती ठेवायचा, हेही निवडता येतं. गप्पांचा कार्यक्रम असेल तर उशीर कमी हवा. नाटकाला तो जास्त ठेवला तर नेट क्षणभर डगमगलं तरी बघणाऱ्याचं चित्र अडकत नाही.

चाळीस कसे जमतात

नियम सोपे आहेत. यूट्यूबवर लाईव्ह सुरू करायला फोन नंबर पडताळावा लागतो आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला 24 तासांपर्यंत वेळ लागतो, म्हणून जत्रेच्या संध्याकाळी खातं उघडून उपयोग नाही. मोबाईल ॲपमधून लाईव्ह जायला किमान 50 सबस्क्रायबर लागतात. जुलै 2025 पासून स्वतंत्रपणे लाईव्ह जाण्याचं किमान वय 16 वर्षं झालं आहे. शाळकरी मुलाच्या हाती चॅनल असेल तर घरच्या मोठ्या माणसाला सोबत असावंच लागतं.

पहिल्या प्रक्षेपणाला पाच-सात जण येतात, तेही घरचे. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पण जे टिकले त्यांच्या रीतीत काही गोष्टी समान दिसतात.

पहिली म्हणजे आधी कळवणं. या महिन्यात कुठल्या गावची जत्रा, कुठलं मंडळ, कुठलं आख्यान, याचं वेळापत्रक गावाच्या आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या व्हॉट्सॲप गटांवर आठवडाभर आधी जातं. लिंकही आधीच तयार केलेली असते. नाटकाची वेळ पालखीवर अवलंबून असते, म्हणून ‘रात्री साडेबाराच्या पुढे’ असं मोकळेपणाने लिहिलेलं असतं आणि पालखी निघाली की गटावर तसा निरोप पडतो. झोप मोडून बसणाऱ्या माणसाच्या वेळेचा हा आदर आहे, आणि तो त्याच्या लक्षात राहतो.

दुसरी म्हणजे शीर्षक. ‘जबरदस्त दशावतार, चुकवू नका’ असं लिहिणाऱ्या चॅनलपेक्षा मंडळाचं नाव, आख्यान, गाव आणि तारीख लिहिणारा चॅनल वर्षभराने शोधात सापडतो. कारण लोक शोधतात ते गावाचं आणि नटाचं नाव.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची, ती म्हणजे चॅटमधली ओळख. “आवाज येता मा?” असा प्रश्न गेला की दहा ठिकाणांहून “येता” असं उत्तर येतं, आणि तिथून बोलणं सुरू होतं. कोण कुठल्या वाडीचा, कोणाची आई आजारी, कोण यंदा मे महिन्यात येणार. नाटक चालू असताना कॅमेऱ्यावरच्या मुलाने बोलायचं नसतं, म्हणून चॅट सांभाळायला दुसरा माणूस लागतो. तो गावात असण्याची गरज नाही. मुंबईतला एखादा मित्र किंवा सुरतेला दिलेली बहीण मॉडरेटर होऊन नावानिशी स्वागत करते, वात्रट शेरे काढून टाकते, उशिरा आलेल्याला आतापर्यंतची कथा दोन ओळींत सांगते. लाखो बघ्यांच्या चॅनलवर हे शक्यच नाही. तिथे माणसाचा शेरा वाचून होण्याआधी वर सरकून जातो.

चौथी गोष्ट म्हणजे हंगाम संपल्यावरचं सातत्य. दशावताराची मंडळं पावसाळ्यात थांबतात. तेव्हा श्रावणातली भजनं, सप्ताह, गणपतीतली फुगडी, घरगुती आरत्या असतात. उन्हाळ्यात डबलबारी रंगतात. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाच्या गजराला दुसऱ्याने उत्तर द्यायचं, पखवाजाची जुगलबंदी व्हायची. डबलबारीचा प्रेक्षक तरुण असतो आणि बुवांमागे गावंच्या गावं उभी असतात. दशावताराला येणारी आजी आणि डबलबारीला येणारा नातू एकाच चॅनलवर भेटले की तो चॅनल घराचा होतो.

पैसे देऊन सबस्क्रायबर वाढवून देणारे किंवा ‘तू माझा कर, मी तुझा करतो’ म्हणणारे खूप भेटतात. त्यांचा उपयोग शून्य. पाच हजार सबस्क्रायबर आणि लाईव्हला सहा माणसं, असा चॅनल पाहिला की ते लगेच कळतं.

पैशाची खरी बाजू

यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत 4,000 तास बघणं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. चार तासांच्या नाटकाला सरासरी चाळीस माणसं बसली तर एका रात्रीत 160 तास होतात. अशा पंचवीस रात्रींत 4,000 तास पुरे होतात, म्हणजे एका चांगल्या हंगामात. 500 सबस्क्रायबर आणि 3,000 तासांच्या खालच्या पायरीवर सुपर चॅट आणि सदस्यत्वासारख्या सोयी मिळू शकतात. म्हणजे चाळीस माणसांचा चॅनलही या दारापर्यंत पोचतो.

दारातून आत गेल्यावर मात्र फार मोठं काही हाती लागत नाही. एवढ्या प्रेक्षकावर जाहिरातींतून घर चालत नाही आणि तशी आशा दाखवणाऱ्यांपासून नव्या मुलांनी दूर राहावं. पैसा येतो तो जवळूनच. बाजारपेठेतल्या दुकानाच्या जाहिरातीची पट्टी, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाने दिलेली वर्गणी, स्क्रीनवरच्या क्यूआर कोडवर आलेले शंभर-दोनशे रुपये, कोणीतरी लग्नाचं किंवा पूजेचं थेट प्रक्षेपण करायला बोलावणं. हे उत्पन्न छोटं असलं तरी त्याच्या मागे ओळखीची माणसं आहेत. एखाद्या अल्गोरिदमची मर्जी फिरली म्हणून ते एका रात्रीत नाहीसं होत नाही.

कला कोणाची?

इतकं कौतुक केल्यावर जी गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, ती म्हणजे कलावंताची संमती.

दशावतारी नट रात्रभर उभा राहतो. त्याचा संवाद त्याच क्षणी जन्मतो, तो त्याचा स्वतःचा असतो. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 हे मान्य करतो. कलम 38 प्रमाणे सादरकर्त्याला त्याच्या सादरीकरणावर 50 वर्षांचा हक्क आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर त्याच्या संमतीशिवाय प्रयोगाचं चित्रण वा प्रसारण न होणं, व्यावसायिक वापरातला त्याचा वाटा, आणि सादरीकरणावर त्याचं नाव असणं या गोष्टी आणखी स्पष्ट झाल्या. जत्रेचं नाटक बघायला फुकट असतं, म्हणून ते चित्रित करून दाखवणंही फुकट आहे, अशी समजूत सर्रास आहे. ती चूक आहे. देवस्थानाने मंडळाला मानधन दिलं ते त्या रात्रीच्या प्रयोगासाठी.

मंडळांची काळजीही समजून घ्यायला हवी. हंगामभर तेच आख्यान गावोगाव करायचं असतं. त्यातला ट्रिकसीन, म्हणजे चमत्काराचं दृश्य, किंवा नवा प्रसंग पहिल्याच जत्रेत सगळ्यांनी पाहिला तर पुढच्या गावात त्याचा धक्का उरत नाही. एखाद्या गावापुरता, त्या रात्रीपुरता केलेला विनोद तीस सेकंदांत कापून पसरवला की त्याचा अर्थ बिघडतो आणि त्रास नटाला होतो. तिकीट लावून होणाऱ्या प्रयोगांच्या बाबतीत तर सरळ पोटावर पाय येतो.

यावर उपाय साधा आहे, एक पान पुरतं. मंडळाच्या मालकाशी आधी बोलून लिहून घ्यावं: लाईव्ह दाखवायचं का, नंतर चॅनलवर ठेवायचं का आणि किती दिवस, तुकडे काढायचे का, पैसे आले तर वाटा किती, आणि स्क्रीनवर नटांची नावं व मंडळाचा संपर्क कसा द्यायचा. जे चॅनल हे पाळतात त्यांच्यावरून मंडळांना नव्या गावांची बोलावणी येतात. तिथे चॅनल आणि कलावंत दोघांचं भलं होतं.

देवळाचेही नियम आहेत. बारापाच मानकऱ्यांना, म्हणजे देवळाचा परंपरागत मान असलेल्यांना, विचारल्याशिवाय कॅमेरा लावू नये. तरंग (देवाच्या काठ्या), अवसर (अंगात येणं), कौल (देवाला विचारणं) यांच्या वेळी अनेक गावांत चित्रण चालत नाही, तिथे फोन खाली ठेवावा. नट रंगतात त्या रंगपटात शिरू नये. प्रेक्षकांतल्या बायका-मुलांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा रेंगाळू देऊ नये. आणि नाटकाआधी लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी चालू असतील तर प्रक्षेपण नंतरच सुरू करावं. यूट्यूबची यंत्रणा ती गाणी ओळखते आणि लाईव्ह मधेच थांबवू शकते. 90 दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आल्या की अख्खा चॅनल जाऊ शकतो, म्हणजे वर्षांची मेहनत जाते.

टिकवायचं तर

2025 मध्ये ‘दशावतार’ नावाचा मराठी चित्रपट गाजला आणि कोकणाबाहेरच्या अनेकांना या कलेची नव्याने ओळख झाली. चित्रपट येतो आणि जातो. कार्तिक ते वैशाख, रात्रीमागून रात्र ही कला जिथे जगते तिथे दिवा धरून बसणारे हे चॅनल आहेत. आज त्यांच्याकडे जमलेलं चित्रण उद्या अभ्यासकांना लागेल. कुठल्या नटाने कुठलं पद कसं म्हटलं, कुठल्या मंडळाचा मृदंग कसा वाजे, हे दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. यूट्यूब बारा तासांपर्यंतचं लाईव्ह आपोआप साठवतं, पण त्यावर विसंबू नये. मंडळाची परवानगी असेल तर मूळ चित्रणाची एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर आणि एक मंडळाकडे असलीच पाहिजे.

देवस्थान समित्यांना विनंती आहे की जत्रेच्या खर्चात फायबरची एक तार आणि चॅनलवाल्या मुलांचं जेवण धरा. ग्रामस्थ मंडळांनी वर्षाची एक ठरावीक वर्गणी त्यांच्यासाठी काढावी आणि तिच्यातला हिस्सा नटांपर्यंत पोचेल असं बघावं. ज्याला नवा चॅनल सुरू करायचा आहे, त्याने कॅमेरा घेण्याआधी मंडळाची संमती आणि मिक्सरचा आवाज मिळवावा, आणि चाळीस माणसं जमली की त्यांची नावं पाठ करावीत. आणि जे दूर बसून बघतात त्यांनी एक करावं: या हंगामात जी जत्रा मोबाईलवर बघाल, तिथल्या नटांची नावं विचारून घ्या, मंडळाला जमेल तेवढे पैसे पाठवा, आणि पुढच्या वर्षी एकदा तरी त्या बाकड्यासमोर जाऊन बसा.